पहिला प्रश्न, शंभरावं उत्तर

भिंतीवरच्या एका कोळ्याचा फोटो मी आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकून ते एकमेकांकडून ओळखून घ्यायच्या संकेतस्थळावर, टाकला, तेव्हा आपण फार सभ्यपणे वागलो असं मला वाटत होतं. माझी मजल 'कोळी' एवढं लिहिण्यापर्यंतच. तासाभरात कुणा जाणकाराने त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव दिलं. परक्या माणसाने आपल्यासाठी वेळ काढला, तर त्याची दखल घ्यावी, एवढं वळण लहानपणापासून होतं. शेजारीच 'सहमत' असं बटण होतं, ते दाबलं. नोंदीवर 'रिसर्च ग्रेड'चा हिरवा शिक्का उमटला. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिसऱ्याच कुणीतरी विचारलं होतं, "हे नाव तुम्ही कशावरून ताडून पाहिलंत?"

कशावरून म्हणजे? त्यांनी सांगितलं म्हणून! मी तसं लिहूनही टाकलं. आणि माझा हा प्रामाणिक खुलासा म्हणजेच माझ्या गुन्ह्याची कबुली आहे, हे मला पुढच्या उत्तरातून कळलं. तिथे एखाद्या नोंदीला रिसर्च ग्रेड मिळायला किमान दोघांनी ओळख पटवावी लागते आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत लागतं. खुल्या परवान्याच्या अशा नोंदी पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधतेच्या साठ्यात जातात, संशोधक तिथून त्या उचलतात. मी 'आभारी आहे' म्हणत होते. यंत्रणा ते 'मीही तपासलं' असं वाचत होती. त्यातून कोळ्यांच्या बऱ्याच प्रजाती नुसत्या फोटोवरून वेगळ्या सांगताच येत नाहीत, जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. म्हणजे एका माणसाच्या अंदाजाला मी निव्वळ सौजन्यापोटी दुसरी सही देऊन बसले होते.

हे सगळं त्या गृहस्थाने (की बाईंनी, टोपणनावावरून कळत नव्हतं) चार ओळींत, न रागावता सांगितलं. म्हणून मी टिकले. 'आधी नियम वाचा' एवढंच लिहून ते निघून गेले असते, तर त्यांचं म्हणणं तितकंच बरोबर ठरलं असतं आणि मी मात्र पुन्हा तिकडे फिरकले नसते.

छंदांच्या ऑनलाइन गटांतल्या रीतीभातींवर वाद निघाला की दोन तट पडतात. एकाच्या मते हे सगळं जुन्यांचं सोवळं आहे, मोडून काढावं. दुसऱ्याच्या मते नवख्यांना शिस्त नाही, लावावी. मला दोन्ही पटत नाहीत. जिच्यामागे कारण आहे ती रीत आग्रहाने पाळायला लावावी, पण कारण सांगून. जिच्यामागे कारण नाही, नुसती मौज आहे, ती जिवापाड जपावी. पण ती ठाऊक नाही म्हणून कुणाला खजील करू नये. बहुतेक भांडणं या दोन प्रकारांची गल्लत झाल्यामुळे होतात.

कारण असलेल्या रीती खोदत गेलं की तळाशी बहुधा एकच गोष्ट सापडते: दुसऱ्याचा फुकट मिळणारा वेळ. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना यूजनेटची, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरच्या विषयवार चर्चागटांची, कल्पना सुचली आणि १९८० पासून ते चालू झालं. विज्ञानकथांपासून बागकामापर्यंत हर छंदाचे गट तिथे फोफावले. दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, त्यांच्या हाती नवं खातं पडायचं, आणि महिनाभर सगळीकडे तेच ते प्रश्न, तोच तो गोंधळ. मग हळूहळू त्यांना सवय लागायची, ऑक्टोबरात पुन्हा शांतता. १९९३-९४ मध्ये व्यापारी इंटरनेट सेवांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं आणि हा ओघ बारमाही झाला. जुन्यांनी त्याला नाव दिलं: कधीच न संपलेला सप्टेंबर.

या शब्दप्रयोगातला तुसडेपणा सगळ्यांना दिसतो. मला त्यात एक हिशेबही दिसतो. जुने आणि नवे यांचं प्रमाण ठरावीक असेल, तर रीत आपोआप पसरते. शंभरात पाच नवे असले तर ते इतरांकडे बघून शिकतात. शंभरात साठ नवे असले तर ते एकमेकांकडे बघून शिकतात. अशा वेळी रीत लिहून काढावी लागते. 'नेहमीचे प्रश्न' म्हणजे एफएक्यू ही चीज या गरजेतूनच रुजली. आज बँकांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळ्यांच्या संकेतस्थळांवर ती दिसते. कुणीही न विचारलेले प्रश्न स्वतःच लिहून स्वतःच उत्तरं द्यायची, असं तिचं सध्याचं रूप आहे. पण मूळची ती थकलेल्या माणसांनी उरलेल्या उत्साहात केलेली सोय होती.

ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या नावाने ऑनलाइन शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका निघाली. ती आज वाचताना गंमत वाटते. ओळ ६५ अक्षरांपेक्षा लहान ठेवा. सही चार ओळींपेक्षा मोठी नको. गटात काहीही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. भावनेच्या भरात उत्तर देण्याआधी रात्र जाऊ द्या. यातले पहिले दोन नियम त्या काळच्या पडद्यांसाठी आणि संथ तारांसाठी होते. कारण गेलं, त्यांचंही काम संपलं. शेवटचा आजही सोन्यासारखा आहे. आणि तिसरा? दोन महिने गप्प बसा, हा सल्ला आज कुणी देणार नाही, दिला तर कुणी ऐकणार नाही. पण त्यामागचं कारण मेलेलं नाही, रूप बदलून शिल्लक आहे: बोलण्याआधी इथली हवा काय आहे ते बघा.

कारण तेच राहूनही रीत कशी उलटी होते, याचं मला आवडणारं उदाहरण जिओकॅशिंगचं आहे. अमेरिकी सरकारने २ मे २००० ला जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये कुणीतरी एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ पसरला. डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, आतलं काही घेतलं तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काही ठेवायचं. काही डब्या इतक्या चिमुकल्या असतात की आतली वही म्हणजे कागदाची गुंडाळलेली पट्टी. तिच्यावर आभार कसे लिहायचे? म्हणून 'डब्याबद्दल धन्यवाद' या अर्थाची टीएफटीसी ही चार आद्याक्षरं रूढ झाली. पट्टीवर ती सौजन्य आहेत. पण घरी येऊन ऑनलाइन नोंद करताना, जिथे जागेची काही कमतरता नाही तिथेही तीच चार अक्षरं टाकली, तर डबा लपवणारा खट्टू होतो. त्याने जागा हेरली, कोडं रचलं, पावसाने भिजलेली पट्टी जाऊन बदलली. त्या बदल्यात त्याला फक्त एवढंच ऐकायचं असतं, की तुम्ही कुठे चुकलात आणि डबा कसा सापडला. अक्षरं तीच, एका ठिकाणी नम्रपणा आणि दुसऱ्या ठिकाणी पाट्या टाकणं. नुसता नियम पाठ केलेल्याला हे कळणार नाही, कारण माहीत असलेल्याला सांगावंही लागणार नाही.

आता सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या आज्ञेकडे येते: 'आधी शोधा, मग विचारा.' मी ही आज्ञा ऐकली आहे आणि, लपवत नाही, दिलीही आहे. तिच्यामागचं कारण रास्त होतं. उत्तर आधीच लिहिलेलं असेल, तर ते पुन्हा लिहायला लावणं म्हणजे फुकट राबणाऱ्याला आणखी राबवणं. पण या आज्ञेत एक गृहीत आहे: शोधलं तर सापडतं. डेजा न्यूज या शोधसेवेने १९९५ पासून यूजनेटचा साठा शोधण्याजोगा केला, २००१ मध्ये तो गूगलने घेतला. त्या काळात 'आधी शोधा' म्हणणाऱ्याच्या मागे खरोखर एक ग्रंथालय उभं होतं. आज बरेच छंद बंद गप्पांच्या खोल्यांत राहायला गेले आहेत. २०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्डवर, टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपच्या गटांत. तिथलं उत्तर बाहेरच्या शोधयंत्राला दिसत नाही. आत असलेल्यालाही ते वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि अंगठ्यांच्या ढिगाखालून उपसून काढावं लागतं. काल रात्री रुजू झालेल्याला कित्येकदा कालच्या आधीचं काही दिसतच नाही.

अशा ठिकाणी 'आधी शोधा' म्हणणं म्हणजे ग्रंथालय पाडून 'वाचा म्हणजे कळेल' असं सांगणं. ज्या गटाला ही आज्ञा द्यायची आहे, त्याने आधी शोधता येईल अशी जागा राखली पाहिजे: वर खिळवून ठेवलेली एक यादी, चार जणांनी मिळून सांभाळलेलं एक पान, काहीही. ते काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत, म्हणूनच ते होत नाही. मग त्याची किंमत नवख्याच्या अपमानातून वसूल केली जाते. त्याचा तो पहिला प्रश्न असतो आणि तुमचं ते शंभरावं उत्तर. पण आधीची नव्याण्णव उत्तरं कुठे ठेवलीत, याचा जबाब तुम्ही द्यायचा, त्याने नव्हे.

कारण नसलेल्या रीतींबद्दल मला जास्त जिव्हाळा आहे, हे आधीच सांगून टाकते. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी यंत्रावरून बोलणारे, संभाषण संपवताना '७३' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या तारयंत्रवाल्यांकडून आलेला तो आकडा, अर्थ 'सस्नेह नमस्कार'. विणकाम करणाऱ्यांत विणलेलं उसवण्याला 'बेडूक करणं' अशा अर्थाचा शब्द आहे, कारण इंग्रजीत 'रिप इट' म्हणजे 'उसव' असं दोनदा पटकन म्हटलं की बेडकाच्या डरावासारखा ऐकू येतो. यांनी कुणाचा वेळ वाचत नाही, कुणाचं रक्षण होत नाही. पण आठ तासांची वीण एका चुकलेल्या टाक्यापायी उसवायची वेळ आली, तर 'बेडूक झाला' म्हणणाऱ्या दहा जणी पडद्यापलीकडे आहेत, हे माहीत असणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि मौजेतून काय निघेल, याचा नेम नसतो. गॅलक्सी झू हा प्रकल्प जुलै २००७ मध्ये सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या आकाशगंगांची चित्रं हौशी लोकांनी बघून त्यांचे आकार सांगायचे, एवढंच काम. काहींना मध्येच बारीक, गोल, हिरवे ठिपके दिसायला लागले. त्यांनी त्यांना 'मटार' नाव दिलं, एका गाजलेल्या गाण्याच्या ओळीवर कोटी करून 'मटारांना संधी द्या' अशा थाटाचा चर्चेचा धागा सुरू केला आणि गंमत म्हणून ठिपके गोळा करत राहिले. एखाद्या कडक शिस्तीच्या संचालकाने 'विषयांतर' म्हणून हा धागा बंद केला असता, तर नियमाने ते चूक ठरलं नसतं. तसं झालं नाही. २००९ मध्ये त्या मटारांवर शोधनिबंध आला: प्रचंड वेगाने तारे जन्माला घालणाऱ्या, आटोपशीर आकाराच्या आकाशगंगांचा तो वेगळाच वर्ग निघाला.

गल्लत कुठे होते? हॅममधलाच दाखला घ्या. '७३' हेच मुळात अनेकवचनी, त्यामुळे त्याला पुन्हा अनेकवचनाचा प्रत्यय लावणं चूक, असं कट्टर लोक मानतात. नवखा हमखास तो लावतो. त्यावर एखादा म्हातारा हसून टोकतो, ते ठीक. दुसरा त्याचं पाणी जोखतो: 'हा आपला नाही.' इथे मौजेची रीत ओळखपत्र झाली. याउलट, बोलण्याआधी वारंवारता मोकळी आहे का ते ऐका, ही हॅमची रीत खरी कारणाची आहे. ती मोडली तर दुसऱ्याचं चाललेलं संभाषण चिरडलं जातं. पहिलीसाठी भुवया उंचावणारा आणि दुसरीकडे डोळेझाक करणारा माणूस मला परंपरेचा रक्षक वाटत नाही. तो फक्त आपली ज्येष्ठता मोजतो आहे.

विकिपीडियाचं उदाहरण जास्त गंभीर आहे, कारण तिथल्या लोकांना धोका आधीच दिसला होता. 'नवागतांना चावू नका' अशा नावाचं मार्गदर्शक पान त्यांनी लिहून ठेवलं आहे. तरीही इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ पर्यंत चढली आणि मग उतरायला लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनलेखाने त्यामागची एक साखळी दाखवली: खोडसाळपणा रोखण्यासाठी अर्धस्वयंचलित साधनं आली, त्यांच्या तडाख्यात सद्हेतूने आलेल्या नवख्यांची संपादनंही उलटवली जाऊ लागली, त्यांना माणसाऐवजी छापील इशारा भेटू लागला, आणि ते निघून गेले. इथे कुणी दुष्ट नव्हतं. नियम बरोबर, हेतू बरोबर, फक्त सांगणारा माणूस मधून नाहीसा झाला.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक पाणी, जंगल, मासेमारी लोक स्वतःच कसं सांभाळतात, याच्या अभ्यासासाठी. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: शिक्षा चढत्या क्रमाची असते. पहिल्या चुकीला जवळजवळ काहीच नाही, नुसतं 'कुणाचं तरी लक्ष आहे' एवढं कळवणं. छंदांच्या गटांत नेमकं उलटं दिसतं. पहिल्याच चुकीला चारचौघांत खडे बोल; आणि वीस वर्षं सगळ्यांना टोचून बोलणारा जुना मात्र 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून माफ.

पण जुन्यांची बाजूही आहे आणि ती मी हलकी करणार नाही. ही माणसं पगारी नाहीत. नवख्याकडून एकच गोष्ट मागायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि ती न मिळणं हा माझ्या मते सगळ्यांत मोठा उद्धटपणा आहे. माझ्या एका जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं शटर थंडीत अर्धवट उघडायचं. दोन संध्याकाळी शोधून मला अगदी हाच दोष वर्णन करणारा प्रश्न सापडला, आठ वर्षांपूर्वीचा. खाली तिघांनी तीन वेगवेगळे उपाय सुचवले होते, एकाने हाताने आकृतीसुद्धा काढून दिली होती. आणि शेवटी विचारणाऱ्याची ओळ: 'सुटला प्रश्न, धन्यवाद!' काय केल्यावर सुटला? तिघांपैकी कोण बरोबर होतं? त्या उद्गारचिन्हाकडे मी बराच वेळ बघत बसले. विचारण्याआधी शोधलं नाही, चालेल. प्रश्न अर्धवट लिहिला, चालेल. पण उत्तर मिळाल्यावर परत येऊन 'हे केलं, हे चाललं, हे चाललं नाही' हे सांगणं, हे त्या तिघांचं देणं होतं, आणि आठ वर्षांनी येणाऱ्या माझंही.

अशा रीती नवख्याला सांगणार कोण? हॅम लोकांकडे याला शब्द आहे, 'एल्मर'. १९७१ मध्ये क्यूएसटी या हॅम लोकांच्या मासिकातल्या एका स्तंभात एल्मर नावाच्या एका जुन्या हॅमचं ऋण व्यक्त केलं गेलं आणि तेव्हापासून नवख्याला हाताला धरून शिकवणाऱ्या कुणालाही एल्मर म्हणायची पद्धत पडली. पदासाठी इतका साधा शब्द मला दुसरा माहीत नाही. सगळ्या गटाला शिकवायचं म्हटलं की माणूस थकतो आणि चिडतो. एकाला शिकवायचं म्हटलं की जमतं.

काही रीतींत तर एल्मरशिवाय गत्यंतरच नाही, कारण त्यांचं कारण वरवर दिसत नाही. पक्षीनिरीक्षकांत घुबडाच्या घरट्याची जागा उघड सांगत नाहीत. नवख्याला हे सरळ सरळ दडवून ठेवणं वाटतं: आपण बघून आले, आता आम्हाला सांगत नाहीत. कॅमेरे घेतलेल्या गर्दीने घरट्याजवळ दिवसभर तळ ठोकला तर काय होतं, हे त्याने बघितलेलं नसतं. आयनॅचरलिस्ट धोक्यात असलेल्या जीवांची अचूक जागा आपोआप झाकतं आणि अंशाच्या पाचव्या भागाएवढ्या चौकोनात भलतीकडेच ठिपका दाखवतं. पण यंत्राच्या यादीत नसलेलं घरटं झाकायचं काम माणसांनाच करावं लागतं, आणि 'कुठे दिसलं?' या निरागस प्रश्नाला नुसतं मौन हे उत्तर नव्हे. 'सांगणार नाही, आणि का ते ऐका' हे उत्तर आहे.

कोळ्यांबाबत आता माझी थोडी प्रगती झाली आहे. जात सांगता येत नाही, पण समोरचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असले, तर उडी मारणाऱ्या कोळ्यांचं कुळ एवढं खात्रीने सांगते. मध्यंतरी एका नव्या सदस्याच्या फोटोवर मी तसं लिहिलं. मिनिटभरात त्याने 'सहमत' दाबलं. माझ्या बोटांवर एक वाक्य आलं, त्यात 'नियम' हा शब्द होता. ते खोडलं आणि झोपायला गेले. सकाळी त्याच्याच नोंदीखाली लिहिलं की सहमत हे आभाराचं बटण नाही, त्याचा असा असा परिणाम होतो, आणि मीही सुरुवातीला हेच केलं होतं. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: "मग डोळे नेमके कुठे बघायचे? मला तर आठ दिसतायत."

मी त्याचा फोटो मोठा केला, दोन बाण काढले आणि पाठवून दिला.